पडवीचं भाडं

कशेळी म्हटलं की नव्वद टक्के लोक विचारतात, "कनकादित्याची का?" नाही हो मंडळी. ती कशेळी राजापूर तालुक्यातली. तिथे सूर्याचं देऊळ आहे, समुद्र आहे, आंबे आहेत. आमची कशेळी भिवंडीची. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने निघालं, बाळकूम मागे टाकलं, खाडीवरचा पूल ओलांडला की आलीच. इथे खाडी आहे, पण फोटो काढावा अशी नाही. पुढे काल्हेर, पूर्णा, आणि मग गोदामंच गोदामं. मुंबईची जकात चुकवून माल ठेवायला ही जागा सोयीची होती. जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, गोदामं राहिली. उलट वाढली. भात लावायच्या जमिनीत कंटेनर उभे राहिले.

तर अशा गावात आमचं घर आहे आणि त्या घराला आम्ही पडवी जोडली. गेल्या दोन वर्षांत फोनवर ज्या ज्या नातेवाइकांनी "काय मग, गाळे काढले की नाही?" असं विचारलं, त्या सगळ्यांना हे एकदाच सविस्तर उत्तर. पुण्याच्या मावशी, हे तुमच्यासाठी विशेष.

आमचं मूळ घर आजोबांच्या आधीचं. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे अंगण. अंगणातून एक पायरी चढलं की पडवी, पडवीतून आणखी एक पायरी चढलं की ओटी, आणि ओटीच्या दारातून आत गेलं की माजघर. या पायऱ्यांचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. आता करतो तर लक्षात येतं की घरात यायचे ते तीन टप्पे होते. मासळी घेऊन येणारी पाटी उतरवून पडवीत बसायची. तलाठ्याचा माणूस, सोयरिकीचं बोलणं घेऊन आलेले लोक ओटीवर. माजघरात फक्त आपली माणसं. कोणाला कुठपर्यंत यायचं ते सांगावं लागत नव्हतं. तो ज्याचा त्याने ठरवायचा प्रश्न होता, आणि लोक बरोबर ठरवायचे. (कधीकधी चुकीचंही ठरवायचे. ओसरी दिली की हातपाय पसरी ही म्हण काय उगाच झाली नाही. पण बघा, त्या म्हणीतसुद्धा ओसरी द्यायची असते हे गृहीतच धरलंय!)

१९९४ मध्ये बाबांनी ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. आम्हा दोघा भावांना केवढा आनंद झाला होता. पुढे पाच फुटांचा व्हरांडा होता, त्यापुढे सहा फूट मोकळं आणि मग कंपाउंडची भिंत, गेट. १९९८ साली गावात दोन-तीन चोऱ्या झाल्या तेव्हा व्हरांड्याला ग्रिल बसलं. मग धूळ येते म्हणून ग्रिलला आतून काचा. मग काचा आहेतच तर सोफा. व्हरांडा हॉलमध्ये कधी मिसळून गेला ते कळलं नाही. दर वेळी कारण अगदी योग्य होतं. धूळ खरंच येत होती, चोर खरंच आले होते. गावातली बहुतेक घरं अशीच मिटत गेली, आमचं काही वेगळं नव्हतं.

सगळ्यात मजेशीर म्हणजे गल्ली. दर काही वर्षांनी तिच्यावर जुनं न उखडता नवं काँक्रीट ओततात. १९९४ साली आमचं जोतं गल्लीपासून अडीच फूट उंच होतं. मी मुद्दाम टेप लावून मोजलं, आता नऊ इंच उरलंय. घर जागच्या जागी आहे आणि गाव वर येतंय. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस, तेव्हा आमच्या पायरीला पाणी लागलं होतं, आत आलं नव्हतं. आज तेवढंच पाणी आलं तर ते हॉलमध्ये असेल.

आता मुद्द्याचं. २०११ मध्ये बाबा गेले.

आमच्याकडे माणूस गेला की दहा दिवस लोक येऊन बसतात. बोलतातच असं नाही. येतात, बसतात, बिडी ओढतात, उठून जातात. रात्री भजनी मंडळ येतं. आमचा हॉल बारा माणसांचा. बाकीचे गल्लीत उभे होते. कोणीतरी मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, त्या गल्लीत मांडल्या, की टेम्पो यायचा, सगळे उठायचे, खुर्च्या उचलायचे, टेम्पो गेला की परत मांडायचे. बाबांच्या वयाचे, गुडघे गेलेले म्हातारे. आई खिडकीच्या काचेतून ते बघत होती. ती तेव्हा काही बोलली नाही.

ती बोलली २०२२ साली, लॉकडाऊन वगैरे सगळं उरकल्यावर. त्या दोन वर्षांत घरात कोणी यायचं नाही अशी सवय लागली होती आणि सगळं सुरू झालं तरी आईच्या मैत्रिणी काही परत येईनात. म्हणजे भांडण नाही. पण गेट उघडायचं, बेल वाजवायची, सुनेने दार उघडायचं, चपला काढून लादीवरून सोफ्यावर जायचं, मग सून चहा टाकणार... एवढ्या सोपस्कारांनी जायला काहीतरी काम असावं लागतं. आणि त्यांना तर काम नव्हतं. त्यांना नुसतं बसायचं होतं. आईचा गुडघ्याचा त्रास वाढलेला, ती कोणाकडे जाऊ शकत नव्हती. एका संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "माझ्या वेळेला माणसं बसतील अशी जागा करून ठेवा रे." एवढंच. आणि मेथी निवडत राहिली.

यावर काय बोलणार तुम्ही?

माझा भाचा पुण्यात आर्किटेक्चर शिकत होता. त्याला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी फोनवर पंधरा फोटो पाठवून मोकळा. लाकडी डेक, पांढऱ्या गाद्या, वेताच्या खुर्च्या, मध्ये शेकोटी. "मामा, याला आउटडोअर लिव्हिंग रूम म्हणतात." मे महिन्यात कशेळीत शेकोटी! आईला फोटो दाखवले. तिने चष्मा लावून नीट पाहिले आणि विचारलं, "यात बाहेरचा माणूस बसणार कुठे?"

भाच्याला हा प्रश्न लागला, आणि पोरगं खरंच विचार करायला लागलं. त्याने मला चार्ल्स कोरियांच्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजचा नकाशा दाखवला. १९८० च्या दशकातली वसाहत. सात सात घरं एका छोट्या चौकाभोवती, आणि प्रत्येक घराला स्वतःचं थोडं आकाश. आमच्या उष्ण दमट हवेत वर्षातला बराच काळ छताबाहेर बसता येतं, तेव्हा मोकळी जागा ही गरिबाच्या घराची आणखी एक खोलीच, असं कोरियांचं म्हणणं. आम्ही दोघे एका रविवारी बेलापूरला जाऊनही आलो. काही चौक अजून छान आहेत. पण बऱ्याच लोकांनी मूळ घरं वाढवलीत, काहींनी पाडून मजले चढवलेत. भाचा हळहळला. मी नाही हळहळलो. कुटुंब वाढतं, पोरांची लग्नं होतात, खोली कुठून आणायची? मी त्या मालकांच्या जागी असतो तर मलाही पहिली ती मोकळी जागाच दिसली असती.

त्यापेक्षा मला आठवत होतं ते गोव्यातलं बल्कांव. जुन्या घरांच्या पुढे रस्त्याकडे तोंड करून चार पायऱ्या चढून जायचं, दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधीव बाकं. संध्याकाळी घरची माणसं तिथे बसलेली आणि जाणारा येणारा थांबून बोलतोय. त्यातली सोय अशी की बोलणाऱ्याला आत यावं लागत नाही आणि बसलेल्याला उठावं लागत नाही. बंदिस्त अंगण आणि हे यात मोठा फरक आहे. अंगण घरच्यांसाठी, हे गावासाठी. आईला हेच हवं होतं. घराचा एक हिस्सा गावाला देऊन टाकायचा.

आणि घराचा एक हिस्सा गावाला देऊन टाकायचा म्हटल्यावर अर्थातच दादा आला. माझा थोरला भाऊ, वरच्या मजल्यावर राहतो. घर दोघांचं, वाटणी झालेली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन झालं, तिचं एक स्टेशन कशेळीला. तेव्हापासून दादाच्या डोक्यात दोन गाळे होते. बावीस फूट रुंदी, अकरा फूट खोली. मधे भिंत घातली की दोन शटर. एकाचे आठ हजार कुठे गेले नाहीत. म्हणजे दोघांचे सोळा, प्रत्येक भावाला महिन्याला आठ.

दादा काही लोभी माणूस नाही, हे इथे स्पष्ट लिहितो कारण तो हे वाचणार आहे. त्याच्यावर टेम्पोचं कर्ज आहे, पुतणीची फी आहे. त्याचं म्हणणं, "आई आहे तोवर तुम्ही तिच्या नावाने जागा मोकळी ठेवाल. नंतर ती कुत्र्यांना. आणि माझे आठ हजार?" याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आईने स्वतः सांगितलं असतं तर तो एका शब्दावर गप्प बसला असता, पण आईने सांगायला नकार दिला. "मी बोलले की तो ऐकेल, आणि मग मनात ठेवेल," म्हणाली.

शेवटी हिने तोडगा काढला. हिने म्हणजे आमच्या सौ.ने, जी त्यावर अजून पस्तावते आहे. पडवीचा खर्च आम्ही करायचा आणि दादाच्या वाटच्या भाड्याचं थोडंफार त्याला आम्ही द्यायचं. आठवर सुरू झालं, पाचवर ठरलं. म्हणजे दर महिन्याला पाच हजार रुपये, रिकाम्या जागेचं भाडं, मी माझ्या सख्ख्या भावाला देतो. ऑफिसात सांगितलं तर लोक हसले. एकाने गंभीरपणे विचारलं, पावती देतो का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये काम काढलं. पहिला कंत्राटदार उचल घेऊन आठ दिवसांत गायब झाला, त्यावर शाई खर्च करत नाही. दुसरा मिस्त्री गावातलाच, म्हातारा आणि तोंडाने फटकळ. आधी इंजिनिअरला बोलावून पुढच्या भिंतीवर स्लॅबचा भार नाही ना याची खात्री केली. नाही, भार कॉलमवर होता. मग काचा काढल्या, ग्रिल कापलं. भंगारवाल्याच्या काट्यावर ग्रिल १८६ किलो भरलं. पंचवीस वर्षं हॉलच्या तोंडावर १८६ किलो लोखंड होतं! ते गेलं त्या दिवशी दुपारी घरात जो वारा शिरला त्याने देवघरातली निरांजनं विझली.

माझा हट्ट कौलांचा होता. पत्रा निम्म्या पैशात झाला असता, पण पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी बसून दाखवा आणि जुलैत पावसात एकमेकांशी बोलून दाखवा. मंगलोरी कौलं घेतली, सव्वादोनशे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात त्यांचा कारखाना काढला, त्यावरून हे नाव. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं. एकेक मंगलोरी कौल अडीच किलोच्या घरातलं, म्हणजे वर साधारण साडेपाचशे किलो. त्याला खाली तसाच आधार हवा.

तो आधार परसात पडला होता. जुन्या घराचे सागाचे सहा खांब बाबांनी १९९४ ला टाकून दिले नव्हते. कोंबड्यांच्या खुराड्यामागे ताडपत्रीखाली होते. दोन वाळवीने पोकळ केलेले, चार ठणठणीत, फक्त बुडाला कुजलेले. बुडं कापली, खाली दगडी तळखडे दिले, म्हणजे लाकूड जमिनीतल्या ओलीला लागणार नाही. आईने त्यातला एक हात लावून ओळखला. त्यावर दह्याच्या रवीची दोरी घासून पडलेली खाच होती. मिस्त्री ती रंधून गुळगुळीत करणार होता. तिने त्याला असं काही झापलं की विचारू नका.

सहा फुटांच्या आडव्या अंतरात तीन फूट उतार दिला. याहून कमी दिला तर वाऱ्याच्या पावसात सांध्यांतून पाणी आत ओढलं जातं, हे मिस्त्रीचं ज्ञान. पुढची कड जेमतेम सात फुटांवर आली. भाचा म्हणाला, फार खाली वाटेल. बसून बघ म्हटलं. उभ्याने खाली वाटतं, बसल्यावर बरोबर वाटतं, आणि ऊन नि झड दोन्ही बाहेर राहतात. पागोळ्या गल्लीत पडून भांडणं नकोत म्हणून पन्हळ लावली. जमिनीला चकचकीत लादी नको म्हणून लाल कोबा केला, आठ दिवस त्याच्यावर पाणी मारलं, आणि बाहेरच्या बाजूला इंचभर ढाळ ठेवला.

सगळ्यात जास्त डोकं चाललं ते कट्ट्यावर. गल्ली वर आल्यामुळे पडवीची कड फक्त नऊ इंच. त्यावर बसलं तर गुडघे छातीला. मग कंपाउंडची भिंत पाडून तिच्या जागी कडेने आणखी नऊ इंचांचा कट्टा बांधला. गल्लीकडून तो दीड फूट झाला, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याने चप्पल न काढता, आत पाऊल न टाकता, नुसतं टेकावं अशी उंची. कट्ट्याखालून पाणी जायला तीन भोकं ठेवली. चार फूट जागा यायला-जायला मोकळी. गेट नाही. गेट लावायचं नाही यावर हिचं आणि माझं दोन दिवस बोलणं बंद होतं. घराचं मुख्य दार मजबूत केलं आणि विषय मिटवला. सगळं मिळून साडेचार लाखांच्या आसपास गेले.

आता उपयोग सांगतो, कारण फोटोत तो दिसत नाही.

पहिले पंधरा दिवस कोणी आलं नाही. लोक बघून जायचे, "छान केलंत हो" म्हणायचे. आई एकटी खुर्ची टाकून बसायची. मला धाकधूक. पहिली बसली ती गावातली माणसं नव्हेतच, गोदामातून पार्सलं घेऊन फिरणारी पोरं. दुपारी बाराला मोटरसायकल लावायची, कट्ट्यावर टेकायचं, डबा उघडायचा. उत्तर प्रदेशातला कोण, बीडचा कोण. हिने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासाठी माठ ठेवला. मग एका संध्याकाळी आईची एक मैत्रीण काठी टेकत गल्लीतून चालली होती. आई म्हणाली, "ये गो, बस." ती टेकली. दीड तास. मी ऑफिसातून आलो तेव्हा चार जणी होत्या आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. ट्रकची धूळ रोज दोनदा झाडावी लागते. सहा वाजता खाडीवरचे डास येतात, धूप पेटवावा लागतो. दोन वेळा चपला गेल्या. एक दारुडा दर शनिवारी येऊन झोपतो, त्याला हात लावायचा नाही असा आईचा हुकूम आहे. आमचं घर पूर्वेला तोंड करून आहे, म्हणून जून-जुलैचा पाऊस पाठीवर जातो, पण ऑक्टोबरचा परतीचा पाऊस संध्याकाळी सह्याद्रीकडून येतो तो सरळ तोंडावर. तेव्हा ताडपत्री सोडावी लागते. जुन्या घराला ती सोडायचे हुक होते म्हणे. मिस्त्रीने आठवून त्याच अंतरावर लावले.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका घरात म्हातारे गेले. त्यांच्या घरापुढे जागा नाही. न विचारता, न सांगता लोक आमच्या पडवीवर येऊन बसले. दहा दिवस. रात्री भजनही इथेच झालं. आईने मला फक्त चहाची साखर वाढवून आणायला सांगितली. टेम्पो येत-जात राहिले, कोणी उठलं नाही.

आणि दादा? संध्याकाळी टेम्पो लावून आला की तो त्या खाचेच्या खांबाला पाठ लावून बसतो. त्याचे चार मित्र, पत्ते, राजकारण. साडेनऊपर्यंत हलत नाहीत. परवा म्हणाला इथे एक पंखा पाहिजे आणि मोबाइलला प्लग पॉइंट. आणला, लावला. पैसे माझे. भाड्याचे पाच हजार एक तारखेला न चुकता घेतो. या दिवाळीपासून ते साडेपाच करावेत असं त्याचं म्हणणं आहे, बाजारभाव वाढला म्हणून. हिचं म्हणणं, बसतोस किती ते मोजून उलट आम्हीच तुझ्याकडून घेऊ. बोलणी चालू आहेत, रोज संध्याकाळी, चार मित्रांसमोर.